शीटवर १२ नावं, खेळतात सहाजण : कॉलेज टीमचं रोटेशन कसं बसवायचं?

शहापूर_पॉइंट

नमस्कार सगळ्यांना. यावर्षी बेळगावातल्या एका डिग्री कॉलेजच्या बास्केटबॉल टीमचा कॅप्टन आहे. कॉलेजचं नाव मुद्दाम लिहीत नाही, इथं आमचे सिनियर पण वाचतात आणि कुणाला नावं ठेवायची नाहीत.

तर विषय असाय की स्कोअरशीटवर आमची १२ नावं असतात पण मॅचमध्ये खेळतात सहाजण, सातवा कधी जातो तर कुणाला पाचवा फाउल पडला तरच. फर्स्ट फाइव्हमधले तिघं तर पूर्ण ४० मिनिटं कोर्टावर. तीन क्वार्टर आम्ही कुणालाही जड जातो, विजापूरकडच्या उंच टीमला पण, आणि चौथ्यात काय होतंय कळेना, हातातला लीड बघता बघता जातोय. पोरं खेळायची थांबत नाहीत, जीव लावून खेळालेत, पण बॉल बास्केटमध्ये जाईना आणि समोरचा ड्राइव्ह मारून आत घुसला की आमचा माणूस अर्धा पाऊल मागे.

दुसरी गोष्ट जास्त त्रास देणारी आहे. बेंचवरची दोन पोरं म्हणालेत की आता आम्ही येणार नाही. त्यातला एक खानापूरहून पहाटेची बस पकडून सकाळच्या प्रॅक्टिसला येतो, थंडीत काय पावसात काय, आमच्यापेक्षा आधी ग्राउंडवर असतो. दुसरा फर्स्ट इयरचा, उंची चांगली हाय, अजून हात मऊ नाहीत (बॉल हातात नीट बसत नाही) पण रिबाउंडला (शॉट चुकून परत आलेला बॉल पकडायला) न घाबरता जातो. दोघं म्हणतात, येऊन फक्त बाटल्या भरायच्या आणि टाळ्या वाजवायच्या असतील तर घरी अभ्यास केलेला काय वाईट.

आमचे पीडी (फिजिकल डायरेक्टर) सर म्हणतात जिंकायचं असेल तर चांगली पोरंच खेळणार. सरांचं पण खोटं नाही. हरलं की ऑफिसात उत्तर त्यांनाच द्यावं लागतं, टीमचा टीए-डीए पण तेच भांडून आणतात. मला एवढंच विचारायचंय की किती जण फिरवावेत, कधी बदलावेत, आणि सरांना हे सांगायचं कसं. युनिव्हर्सिटीची सिंगल झोन (कॉलेजा-कॉलेजांमधली स्पर्धा) तोंडावर आलीय.

जुना_सेंटर

भावा, आधी हिशोब कर, वही काढून खरंच लिही. मॅच ४० मिनिटांची, कोर्टावर पाचजण, म्हणजे टीमकडं वाटायला २०० मिनिटं असतात. तुमचे तिघं ४०-४० खातात, तिथंच १२० संपली. उरलेली ८० तिघांत. म्हणजे बेंचला वाट्याला येतंय काय, तर एकट्या सहाव्याला थोडं आणि बाकी सहाजणांना शून्य. हे सरांना असंच कागदावर दाखव, भांडण करायला जाऊ नको, नुसता कागद दाखव.

आता चौथ्या क्वार्टरात काय होतंय ते सांगतो. दमलेल्या खेळाडूचे आधी पाय जातात, श्वास नंतर. जंप शॉटची ताकद पायातनं येते, त्यामुळं पाय गेले की बॉल रिंगच्या पुढच्या कडेला लागून खाली पडतो. तुमच्या शूटरचे चौथ्या क्वार्टरातले मिस बघ, बाजूला जात नसतील, शॉर्ट पडत असतील. फ्री थ्रोचं पण तेच. डिफेन्समध्ये पाय हलेना झाले की माणूस हातानं डिफेन्स करायला बघतो, समोरचा बाजूनं निघाला की हात घालतो, शिट्टी. असे चार टीम फाउल झाले की पाचव्यापासून समोरच्याला दोन-दोन फ्री थ्रो, आणि फ्री थ्रोला घड्याळ थांबलेलं असतं, म्हणजे तो लीड वेळ न घालवता कापत येतो. तुमचा लीड 'बघता बघता' जातोय तो असा जातोय. कुणी जीव कमी लावतंय म्हणून नाही.

त्यात आपल्याकडच्या स्पर्धा. नॉकआउट, दोन दिवसांत उरकायच्या, सकाळी एक मॅच आणि दुपारी परत दुसरी. सकाळी ४० मिनिटं पळालेला पोरगा दुपारच्या उन्हात सिमेंटच्या कोर्टावर परत ४० मिनिटं पळणार, तो किती पळणार? सेमीफायनल-फायनल एका दिवशी आली की ज्याच्याकडं आठवा माणूस तयार आहे तोच पुढं जातो हे मी खेळत होतो तेव्हापासून बघालोय.

माझं म्हणणं आठजण फिरवा. १२ च्या १२ जणांना सारखी मिनिटं द्या असं म्हणत नाही, ते स्पर्धेत जमत नाही आणि जमवू पण नये. पाच मेनवाले ३२, ३०, २८, २८, २४ आणि वरचे तिघं २२, २०, १६. बेरीज करून बघ, २०० येते. तुझ्या सगळ्यात चांगल्या पोराला ४० ऐवजी ३२ मिळाली, त्याचं काय गेलं? आठ मिनिटं बसला, आणि चौथ्या क्वार्टरला पाय शाबूत.

बदलायची वेळ पण महत्त्वाची, इथंच बरेच जण चुकतात. दमल्यावर बदलू नको, दमायच्या आधी बदल. पहिल्या क्वार्टरची दोन मिनिटं उरली की मेन गार्डला (बॉल पुढं आणणाऱ्याला) बसव आणि दुसऱ्या क्वार्टरची दोन मिनिटं झाली की परत घाल. घड्याळात तो चारच मिनिटं बाहेर असतो, पण मधला दोन मिनिटांचा ब्रेक, शिट्ट्या, फ्री थ्रो, टाइमआउट सगळं धरलं तर त्याला चांगली आठ-नऊ मिनिटं विश्रांती मिळते. तिसऱ्याच्या शेवटी आणि चौथ्याच्या सुरुवातीला परत तसंच. पाचीच्या पाची एकदम कधी काढू नको, बॉल सांभाळणारा एक आणि रिबाउंडवाला एक एवढे दोन जुने आत राहू देत.

आणि बेंचवरचा पोरगा तयार बसलेला पाहिजे. ट्रॅकपँट काढलेली, लेस बांधलेली, जर्सी आत. आपल्याकडं सरांनी हाक मारल्यावर पोरगा पँट काढायला लागतो, तोवर खेळ परत सुरू होतो आणि चान्स गेला, कारण बॉल डेड होऊन घड्याळ थांबल्याशिवाय बदली करता येत नाही. समोरच्यानं बास्केट घातली तर घड्याळ थांबत नाही, ते थांबतं फक्त चौथ्या क्वार्टरच्या (आणि ओव्हरटाइमच्या) शेवटच्या दोन मिनिटांत. म्हणून आधीच जाऊन स्कोररला सांगायचं आणि टेबलजवळच्या खुर्चीवर बसायचं. कधीकधी दोन-दोन मिनिटं शिट्टीच वाजत नाही, तेवढा वेळ धरून चाला.

निपाणीकर

वरच्या दादांचा हिशोब बरोबर आहे पण मला एक गोष्ट पटत नाही. मिनिटं वाटली म्हणून बेंच तयार होत नसतो. तयार नसलेल्या पोराला सेमीफायनलला टाइट मॅचमध्ये सहा मिनिटं घातलं, त्याच्या हातनं तीन टर्नओव्हर झाले (बॉल समोरच्यांकडं गेला), लीड गेला, तर सगळं ग्राउंड त्याच्या नावानं ओरडणार आणि तो पोरगा परत बॉलला हात लावणार नाही. हे मी डोळ्यानं बघितलंय. आमच्याकडं चिकोडी-निपाणी भागात तर शाळेत बास्केटबॉल कोर्टच नसतंय बऱ्याच ठिकाणी, पोरगा कॉलेजात आल्यावर पहिल्यांदा ड्रिबल शिकतो, त्याला थेट सिंगल झोनला घालणार का?

मिनिटं द्यायची तर आधी फ्रेंडलीत द्या. रविवारी जुनी पोरं बोलवा, इंजिनिअरिंग-मेडिकलवाल्यांबरोबर मॅच ठेवा, पूर्ण ४० मिनिटं, शिट्टी-टेबल सगळं लावून, आणि त्यात मेन पाचजणांना दोन क्वार्टर बाहेर बसवा. लीग राउंड असेल आणि २० चा लीड असेल तेव्हा द्या. सेमीत मात्र जो भरवशाचा तोच. पीडी सर काही वाईट बोलत नाहीत.

हिंडवाडी_हूप्स

अमेरिकेच्या कॉलेज बास्केटबॉलमधलं याचं सगळ्यात मोठं उदाहरण म्हणजे केंटकीची २०१४-१५ ची टीम. कोच जॉन कॅलिपारी. टीममध्ये इतकी भारी पोरं की त्यानं सीझनच्या सुरुवातीला पाच-पाचचे दोन गटच पाडले, एक गट बाहेर की दुसरा आत. डिसेंबरमध्ये अॅलेक्स पॉयथ्रेसचा गुडघा गेला तेव्हा ते पाच-पाचचं गणित मोडलं, तरी नऊ-दहाजण फिरतच राहिले. त्यांच्यात ३० मिनिटांच्या जवळपास पण कुणाची सरासरी नव्हती. कार्ल-अँथनी टाउन्स साधारण २१ मिनिटं खेळायचा, आणि तोच त्यावर्षी एनबीए ड्राफ्टला (तिथल्या टीम नवीन पोरं निवडतात तेव्हा) पहिला गेला! डेव्हिन बुकर तर पूर्ण सीझन बेंचवरून आला, एकदाही स्टार्ट नाही, तरी १३ वा गेला आणि २०१७ ला एनबीएत एका मॅचमध्ये ७० पॉइंट मारले. त्या एका टीममधनं २०१५ ला सहाजण ड्राफ्ट झाले. म्हणजे बेंचवर बसलं की करिअर संपलं असं जे आपल्या पोरांना वाटतं तसं काही नाही.

पण निपाणीकरांच्या बाजूनं पण सांगतो, ती टीम ३८-० होती आणि फायनल फोरमध्ये (म्हणजे सेमीफायनलला) विस्कॉन्सिनकडनं ७१-६४ हरली. विस्कॉन्सिनकडं केंटकीएवढा भारी बेंच नव्हता, पण कामिन्स्की, डेकर ही वर्षानुवर्षं एकत्र खेळलेली पोरं. शेवटच्या पाच मिनिटांत कोण कुठं उभा राहणार हे त्यांना न बघता माहीत होतं.

आणखी एक फरक. तिकडं मिनिटं मिळेनात म्हटलं की पोरगा ट्रान्सफर पोर्टलमध्ये नाव घालतो, २०१८ पासून ती सोय आहे, दुसऱ्या कॉलेजात जाऊन खेळतो. आपल्याकडं असला मार्ग नाही. आपला पोरगा फक्त सकाळचा ग्राउंडवर यायचा बंद होतो, कुणाला न सांगता. त्यामुळं कॅप्टन, तुला ती दोन पोरं तोंडानं सांगालेत हीच मोठी गोष्ट समज. बोलालेत म्हणजे अजून खेळायचंय त्यांना.

खानापूरची_ताई

मी खेळून बरीच वर्षं झाली, आता हायस्कूलला पीटी शिकवते. खानापूरहून येणारा पोरगा म्हटल्यावर राहवेना म्हणून लिहिते. पहाटे उठून बस, उभ्यानं प्रवास, प्रॅक्टिस, मग कॉलेज, संध्याकाळी परत बस. मुलींना तर वरून घरी दरवेळी सांगावं लागतं की कुठं चाललो, कोणाबरोबर, किती वाजता येणार. एवढं करून जो येतो त्याला मिनिटं कमी मिळाली तर चालतं, खरंच चालतं. त्याला काय चालत नाही माहितीय? आज खेळणार की नाही हे मॅच संपेपर्यंत न कळणं.

आमच्या टीमला ज्या मॅडम होत्या त्यांनी मला स्पर्धेच्या आधी बाजूला घेऊन सांगितलं होतं, तू दुसऱ्या क्वार्टरच्या सुरुवातीला जाणार, त्यांची बॉल आणणारी मुलगी तुझी, तिला हाफ कोर्टपर्यंत सुखानं येऊ द्यायचं नाही, शॉट मोकळा असेल तरच मारायचा, नाहीतर पास. संपलं. चार-पाच मिनिटांचं काम. पण मी पहिला क्वार्टर बेंचवर बसून त्या एका मुलीकडंच बघायची, ती डाव्या हातानं किती वेळा जाते, प्रेस केलं (अंगावर जाऊन अडवलं) की कुठं वळते, दमली की बॉल कुणाला देते. आत गेले तेव्हा ती मला पाठ झालेली असायची. मॅडमनी ते काम मला दिलं नसतं तर मी पण तिथं बसून समोरच्या झाडाकडं बघत बसले असते.

म्हणून बाळा, त्या दोघांना मिनिटं किती ते नंतर बघ, आधी काम काय ते ठरवून दे. उंच पोराला सांग, तुझं काम फक्त बॉक्स आउट (समोरच्याला पाठीनं रिंगपासून लांब ठेवणं) आणि रिबाउंड, बॉल मिळाला की गार्डला दे, ड्रिबल मारायचीच नाही. एवढं एक काम त्याला आत्तापण जमेल. हात नंतर मऊ होतील. आणि हे सरांच्या तोंडून सांगू दे, तू सांगितलंस तर त्याला वजन येणार नाही.

दुसरं, प्रॅक्टिसमध्ये तुम्ही काय करताय बघ. बहुतेक ठिकाणी मेन पाच एका बाजूला आणि बाकीचे सगळे दुसऱ्या बाजूला, रोज तेच. मेनवाले रोज सहज जिंकतात, त्यांना काही शिकायला मिळत नाही, आणि बाकीच्यांना रोज हरायची सवय लागते. शिवाय सहावा-सातवा मॅचमध्ये ज्यांच्याबरोबर खेळणार त्यांच्याबरोबर तो प्रॅक्टिसला कधी खेळलेलाच नसतो! मग आत गेल्यावर पास कुठं द्यायचा हे त्याला कसं कळणार. रोज साइड बदला. एक दिवस मेन गार्ड उंच पोराच्या टीममध्ये घाला. आठ दिवसांत फरक दिसतो.

आणि ही पोरं तुटली तर तुमची प्रॅक्टिसच बंद पडणार हे सरांना सांग. फाइव्ह ऑन फाइव्ह खेळायला दहा लागतात. इंटर्नल्स (कॉलेजच्या परीक्षा) आले, कुणाला ताप आला, कुणाच्या घरी लग्न, की बाराचे नऊ व्हायला वेळ लागत नाही. आमच्या मुलींच्या टीमला हाफ कोर्टवर थ्री ऑन थ्री खेळून स्पर्धेला जावं लागायचं, आणि फुल कोर्ट आलं की पहिल्या पाच मिनिटांतच ते दिसायचं.

निपाणीकर

ताई, हे मात्र पटलं. एक काम दिलेला पोरगा आणि नुसता आत ढकललेला पोरगा यात फरक आहे. माझा विरोध ढकलण्याला होता.

जुना_सेंटर

निपाणीकर, तुमचं फ्रेंडलीचं म्हणणं मला मान्यच आहे. पण एक सांगतो, फ्रेंडलीत कितीही खेळवलं तरी स्पर्धेतली पहिली दोन मिनिटं वेगळी असतात. भोवती पब्लिक, टेबलवर अनोळखी माणसं, आणि बेंचवरनं अर्धे मराठीत 'सोडू नको' आणि अर्धे कन्नडमध्ये 'बिडब्याड' म्हणून ओरडतायत. ती दोन मिनिटं पोरानं पहिल्या राउंडच्या पहिल्या हाफमध्ये काढली तर सेमीला तो उपयोगी पडतो. सेमीत पहिल्यांदा काढायला लावली तर तुम्ही म्हणता तसं होतं. म्हणून पहिल्याच मॅचपासून, लीड असो नसो, ठरलेल्या वेळी घालायचं. चूक झाली तर लगेच ओढून बाहेर काढायचं नाही. चूक केली की बाहेर हे एकदा पोराला कळलं की तो आत गेल्यावर रिंगकडं बघतच नाही, सारखा बेंचकडं बघतो.

शहापूर_पॉइंट

सगळ्यांचे मनापासून आभार. कागद करून सरांकडं गेलो होतो. सरांनी बेरीज स्वतः परत केली, मग म्हणाले तुमच्या तिघांचं ४०-४० लिहिलेलं बघितलं नव्हतं कधी असं. रविवारी इंजिनिअरिंगच्या पोरांबरोबर मॅच ठेवलीय, आठजण फिरवायचे ठरलंय, आणि ताई, त्या दोघांना सर स्वतः बोलणार आहेत. खानापूरवाल्याला समोरच्यांच्या गार्डला प्रेस करायचं काम, तो पळायला ऐकत नाही कुणाला.

एक शंका राहिलीय. आमच्या सेंटरला (रिंगखाली खेळणारा उंच पोरगा) पहिल्या क्वार्टरमध्येच दोन फाउल पडतात बऱ्याचदा. सर त्याला हाफटाइमपर्यंत बसवतात. आता रोटेशन ठरवल्यावर ते सगळं विस्कटणार की. तेव्हा काय करायचं?

जुना_सेंटर

दोन पडले की लगेच बसव, ते बरोबर आहे, पण हाफटाइमपर्यंत कशाला? फाउल पाच असतात. दुसऱ्या क्वार्टरची शेवटची चार-पाच मिनिटं परत घाल, फक्त त्यावेळी त्याला त्यांच्या कमी शूटिंगवाल्या माणसावर ठेव आणि ड्राइव्ह आला तर हात वर, उडी नाही. तिसरा पडला तर मग तिसऱ्या क्वार्टरच्या मध्यापर्यंत बाहेर. उंच पोराची १६ मिनिटं त्यादिवशी २२-२४ होतील, आणि त्यासाठीच तर त्याला बॉक्स आउटचं काम आधी द्यायचं. हे त्याला पण मॅचच्या आधी सांगून ठेव, की याला दोन पडले तर तू लगेच, म्हणजे दुसरी शिट्टी वाजली की तो स्वतःच पँट काढायला लागेल.

आणि फाउल कोण मोजणार ते ठरव. तू कोर्टावर असतोस, सर ओरडण्यात असतात. शेवटच्या चौघांपैकी एकाला वही दे, आपल्या आणि समोरच्या दोन्ही टीमचे फाउल, माणसागणिक, आणि प्रत्येकाची मिनिटं. समोरच्या मेन माणसाला तिसरा पडला की त्यानं लगेच सरांना सांगायचं, म्हणजे बॉल त्याच्या अंगावरच न्यायचा. रविवारच्या मॅचलाच सुरू कर आणि वहीचा फोटो इथं टाक, मिनिटं बघून पुढचं सांगतो.

खानापूरची_ताई

वहीवाल्याला सरांच्या शेजारची खुर्ची द्या, टोकाची नको.